ताईच्या नावावर दाखवलेला बटवा

कुणाचं लग्न ठरलं की आमच्या ओळखीतलं कुणी ना कुणी माझ्याकडे येतं आणि म्हणतं, "नवरीसाठी एक बटवा शिवून द्या ना, तुमच्या हाताला जोड नाही." मी सरळ नाही म्हणते. मागून मला खाष्ट म्हणतात तेही मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. या हाताचं कौतुक मी एकदा ऐकलं तेवढं जन्माला पुरलं. त्या कौतुकापायी माझ्या ताईचं ठरत आलेलं लग्न मोडलं आणि तिथं माझं झालं. ज्यांनी ते घडवलं त्यांच्यातलं एकही माणूस आता भांडायला शिल्लक नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

गोष्ट १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांतली. श्रीवर्धनला आमची पोफळीची वाडी होती. सुपारी चांगली यायची, खाऊनपिऊन सुखी होतो. वडिलांना आम्ही तात्या म्हणत असू. घरात तात्या, आई, ताई आणि मी. ताई अठराव्यात, मी पंधराव्यात. आमच्या लोकांत अठराव्या वर्षी मुलगी घरात म्हणजे शेजारपाजारच्या बायकांना रोजचा उद्योग. पाणी भरायला आल्या तरी आधी विचारणार, "मोठीचं काय झालं हो?"

मोठीचं काही होत नव्हतं त्याला कारण होतं आणि ते आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. ताईला जवळचं दिसायचं नाही. लांबचं लख्ख दिसे. वाडीच्या टोकाला कुठल्या झाडावर सुपारीचं शिपुटं पिकलंय ते ती ओटीवरून सांगायची. पण हातभर अंतराच्या आतलं सगळं तिला धुरकट. तांदूळ निवडताना खडे राहायचे, पोथीतली अक्षरं हलायची, माणूस पुढ्यात येऊन बसलं तर त्याचं तोंड पुसट व्हायचं. एकदा मुंबईचे एक लांबचे मामा आले होते. ते तात्यांना म्हणाले, "हिला माझ्याबरोबर पाठवा, चष्मा करून देतो, आठ दिवसांचं काम." तात्या म्हणाले, "चष्मेवाली मुलगी करील कोण?" झालं. तेवढ्या एका वाक्यावर माझ्या बहिणीचे डोळे निकालात निघाले. आई तिथंच उभी होती. ती "खरंच हो" म्हणाली. आज लिहितानाही माझ्या कपाळाची शीर उडते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्या घरचं धोरण. आणि मूठ झाकायला माझी नेमणूक झालेली. ताईच्या वाटणीचे तांदूळ मी निवडायचे, ताईच्या नावाचा कशिदा मी काढायचा. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला सुईदोरा हातात असला की जेवायखायची शुद्ध राहत नसे, आणि ताईसाठी करायचं म्हटल्यावर तर विचारायलाच नको. मला न्हाऊमाखू घालणारी, माझ्या वेण्या घालणारी तीच. वेणी काय, बोटांनी घालायची असते, तिला डोळे लागत नाहीत. अख्ख्या आळीत माझ्याइतक्या घट्ट आणि सारख्या वेण्या कुणाच्या नव्हत्या.

त्या वर्षी अलिबागचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या कोर्टात कारकून. आईवेगळा, आत्यानं वाढवलेला. तात्यांना ते स्थळ फार मनातून हवं होतं. मुलगी दाखवायचा दिवस ठरला आणि घरात परीक्षेची तयारी सुरू झाली. कारण मुलगी बघायला आलेली माणसं काय काय करायला लावतात ते सगळ्यांना पाठ. चालून दाखव, वाचून दाखव, आणि हमखास, सुईत दोरा ओवून दाखव. डोळ्यांत काही खोट आहे का ते कळतं त्यानं.

मग मीच ताईला शिकवलं. मागीलदारी पायरीवर बसून पंधरा दिवस. मोठ्या नेढ्याची सुई घेतली. दोऱ्याच्या टोकाला मेण लावून ताठ केलं. दोरा चिमटीत अगदी टोकाशी धरायचा, जेमतेम तांदळाएवढा बाहेर ठेवायचा, आणि दोरा सुईकडे न्यायचा नाही, सुईचं नेढंच त्याच्यावर आणून बसवायचं. डोळे मिटूनही जमतं. ताईला आठव्या दिवशी जमलं. पंधराव्या दिवशी ती माझ्याकडे बघत, बोलत बोलत ओवायला लागली. वाचनासाठी एक अध्याय तिच्याकडून तोंडपाठ करून घेतला. सगळं पक्कं झालं होतं. इथं थांबलो असतो तर ताईचं लग्न अलिबागेस झालं असतं.

पण मी बटवा शिवला.

मुलीच्या हातच्या वस्तू मांडून ठेवायची पद्धत होती. आईनं दोन विणलेले रुमाल आणि एक तोरण काढलं होतं, तेवढं पुष्कळ होतं. मला ते पुरेना. मी आईच्या जुन्या शालूच्या पदराचा तुकडा मागून घेतला आणि चार कप्प्यांचा बटवा करायला घेतला. आत मलमलीचं अस्तर. पान, सुपारी, लवंग, वेलची, सगळ्याला वेगळी जागा. टाके इतके बारीक घातले की शिवण उलटीकडूनच कळावी. वरच्या नेफ्याला दोन अंगांना दोन बारकी भोकं ठेवली आणि ती काजासारखी कडेनं विणून घेतली. त्यातून दोन रेशमी दोऱ्या. ज्यांनी बटवा शिवला आहे त्यांना ठाऊक असतं, एक दोरी उजवीकडून घालून पुरा वेढा घेऊन उजवीकडेच बाहेर काढायची, दुसरी डावीकडून घालून डावीकडे. मग दोन्हीकडून ओढलं की तोंड घट्ट मिटतं. दोन्ही एकाच अंगानं घातल्या तर बटवा एका बाजूला नुसता चुरमडतो.

आईनं तो पाहिला आणि म्हणाली, "अगो, हा फार झाला. नाकापेक्षा मोती जड." तिला कळलं होतं. पण कळून उपयोग काय, तीच पुढं म्हणाली, "असू दे, ठेव. स्थळ चांगलं आहे."

ती माणसं आली. मुलगा, त्याचे एक काका आणि आत्याबाई. मुलगा सतरंजीकडे बघत बसला होता. त्याचं तोंड दिसलंच नाही म्हणा ना. बोलणं सगळं आत्याबाईंचं. अंगानं भरलेल्या, आवाज खणखणीत, आणि बोलताना समोरच्याच्या हातातली वस्तू काढून घ्यायची सवय. ताई पाटावर बसली. हिरवं लुगडं, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर, काय सांगू किती सुरेख दिसत होती. अध्याय म्हणाली, कुठं अडखळली नाही. आत्याबाईंनी सुईदोरा पुढं केला. ताईनं सुई हातात घेतली आणि त्यांच्याशी बोलता बोलता ओवून दिली. तात्यांचा श्वास मोकळा झालेला मला माजघराच्या दारातून ऐकू आला.

तेवढ्यात आत्याबाईंनी बटवा उचलला. उलटा केला, सुलटा केला, अस्तर बाहेर ओढून पाहिलं.

"हा कुणी शिवला?"

"हिनंच," आई म्हणाली.

"एकटीनं?"

"एकटीनं."

त्या बाईनं ताईच्या तोंडाकडे पाहिलं, परत बटव्याकडे पाहिलं, आणि बोलत बोलत दोन्ही दोऱ्या नेफ्यातून ओढून काढल्या. मुद्दाम काढल्या. पुढं म्हणायचं काय, तर "अगंबाई, निघाल्या की. ओव बघू जरा."

मेलीला दुसऱ्याचं केलेलं विसकटायला क्षणही लागला नाही. चौऱ्याऐंशी बंदरांचं पाणी प्यायलेली बाई, तिला काही वास लागला असणार. सुई ओवण्याची तयारी घरोघर करून घेतात, ते तिलाही माहीत असणार. बटव्याची तयारी कुणी करून घेत नाही.

आईनं दिलेल्या बांबूच्या काडीला ताईनं दोरी बांधली आणि ओढताना सैल झालेल्या भोकातून पहिली बरोबर घातली. बोटानं चाचपत वेढा पुरा केला, बाहेर काढली. मग ती दुसरं भोक शोधायला लागली. अंगठा नेफ्यावरून फिरतोय, फिरतोय आणि भोक सापडत नाही. सापडणार कसं? मी ते इतकं बारीक विणलं होतं की बोटाला लागतच नव्हतं. माझी सफाई तिच्या मुळावर आली. शेवटी तिनं दुसरी दोरी पहिल्याच भोकातून आत घालायला घेतली.

मी दारात उभी होते. मी आत गेले, तिच्यापुढं बसले, तिच्या हातातून बटवा घेतला, दोरी काढली, डावीकडून घातली आणि ओढून दाखवला. किती वेळ लागला असेल? आत्याबाईंना सुपारी कातरायला लागला असता तेवढाही नाही.

"ही कोण?" आत्याबाईंनी विचारलं.

"धाकटी," तात्या म्हणाले.

त्यानंतर ताईला कुणी काही विचारलं नाही. पोहे खाऊन ती माणसं गेली. आठ दिवसांनी पत्र आलं, धाकटी पसंत आहे.

मला वाटलं, तात्या ते पत्र टरकावून फेकून देतील. इतकी मी खुळी. तात्यांनी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि आईला म्हणाले, "दोन्ही आपल्याच. स्थळ हातचं जाता कामा नये." मी म्हटलं, "ताईचं काय?" तर म्हणाले, "तिचं बघू." मोठीच्या आधी धाकटीचं लग्न लावू नये असं म्हणणारे हेच. शेजारच्या घरी असं झालं तेव्हा महिनाभर नावं ठेवत होते. स्वतःवर आल्यावर शास्त्र कुठं गेलं कोण जाणे. मी जेवले नाही, आदळआपट केली, वाडीत जाऊन बसले. आईनं येऊन मला एवढंच ऐकवलं, "तू गेली नसतीस आत तर ही वेळ आली नसती." स्वतः सगळा बनाव रचला आणि खापर फोडलं पोरीच्या माथी.

ताईनं माझी वेणी घातली, रोजच्यासारखी.

लग्नाची बोलणी झाली आणि अलिबागहून एक निरोप आला. त्यांच्याकडची रीत अशी की नवरीनं आपल्या करवलीसाठी स्वतःच्या हातानं बटवा शिवायचा. करवली तो कमरेला खोवून नवरीच्या मागं पाण्याचा करा घेऊन उभी राहते, आणि लग्न लागलं की सासरची माणसं त्यात सुपारी, हळकुंड आणि रुपया घालून तिचा मान करतात. "मुलीचा हात चांगला आहे, बटवा छानच होईल," असं आत्याबाईंनी वर कळवलं होतं. जखमेवर मीठ कसं चोळावं ते या बाईकडून शिकावं.

मी म्हटलं, मी सुई हातात धरणार नाही. तीन दिवस धरली नाही. करवली म्हणून माझी सात वर्षांची मामेबहीण ठरली होती. तिच्यासाठी काय, एखादी पिशवीही चालली असती. तिसऱ्या दिवशी ताई माझ्यापाशी येऊन बसली.

"करवली मी होणार आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "वेड लागलंय तुला? करवली धाकटी बहीण होते. मोठी, बिनलग्नाची, मागं करा घेऊन उभी राहिली तर मांडवात लोक काय म्हणतील?"

"मी घरात बसले तर काय म्हणतील? रुसली म्हणतील, आजारी आहे म्हणतील, आणखी काय खोट आहे ते शोधतील. मांडवात उभी राहिले तर निदान सगळ्यांना दिसेन तरी."

मी शिवायला घेतला. रागानं हे लांब लांब टाके घातले, शिवण वाकडी, अस्तर झोळीसारखं लोंबतंय. आईनं पाहून सगळं उसवलं. मी परत तसाच शिवला. तेव्हा ताईनं तो हातात घेऊन शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "नीट शिव. मी तो कमरेला लावून उभी राहायची आहे." मी नीट शिवला. शिवताना दर टाक्याला कुणाला ना कुणाला शिव्या घातल्या. तात्यांना घातल्या, आईला घातल्या, आत्याबाईंना तर दोरा संपेपर्यंत.

लग्न लागलं. मी अंतरपाटाकडे तोंड करून उभी आणि माझ्या मागं ताई. मंगलाष्टकांच्या मधल्या जागेत बायकांची कुजबुज मला ऐकू येत होती, "मोठी ना ही? हिच्यात काहीतरी असणार." मला मागं वळून एकेकीच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटत होतं. नवरीनं वळायचं नसतं. आत्याबाईंनी ताईच्या बटव्यात सुपारी आणि रुपया घातला आणि तिच्या गालावरून हात फिरवला. ताई त्यांना वाकून नमस्कार करती झाली.

आमच्या यजमानांना मी पुढं एकदा विचारलं, तुम्ही त्या दिवशी तोंड का उघडलं नाहीत? ते म्हणाले, "मला काय, आत्या म्हणेल ती." माणूस गरीब, माझा कधी छळ केला नाही, पण त्या उत्तरानंतर मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

दोन वर्षांनी ताईला बिजवराला दिली. चाळिशीचा, शाळामास्तर, दोन मुलं. तात्यांनी माझ्या लग्नाला खर्च झाला म्हणून तिचं लग्न चार माणसांत उरकलं. आमच्या तात्यांना "बघू" म्हणतात ते असं बघता येत होतं. मी त्या लग्नात मास्तरांकडे असं बघत होते की त्यांना वाटलं असेल, ही मेव्हणी आपल्याला विष घालणार.

आणि त्या मास्तरांनी काय केलं? लग्नाला महिना झाला नाही तर ताई साखर आणि मीठ ओळखायला चव घेते हे त्यांच्या लक्षात आलं. सुट्टी लागताच तिला आगबोटीनं मुंबईला नेलं आणि चष्मा करून आणला. आठ दिवसांचं काम. अठरा-वीस वर्षं आमच्या घरातल्या कुणाच्यानं झालं नाही ते परक्या माणसानं महिन्याभरात केलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी रडले ती संतापानं रडले. वाटलं, आत्ताच्या आत्ता श्रीवर्धनला जावं आणि तात्यांच्या पुढ्यात ताईला उभी करावी.

परत जाताना ताई दोन दिवस माझ्याकडे अलिबागेस उतरली. जाड भिंगं, पितळी काड्या, नाकावर लाल वळ. माझ्या घरातली एकेक वस्तू उचलून डोळ्यांजवळ नेत होती. माझं मूल पाहिलं, त्याच्या पापण्या मोजायला लागली. मग मी ट्रंकेतून तो पहिला बटवा काढून दिला, तो माझ्याबरोबरच सासरी आला होता. तिनं तो उलटा करून कितीतरी वेळ पाहिला.

"किती बारीक आहेत ग टाके," ती म्हणाली. "तुम्ही सगळे म्हणायचात, मला वाटायचं उगाच म्हणताहेत."

मी म्हटलं, "जळो तो. मी मुद्दाम भोकं बारीक केली नव्हती ग."

"माहीत आहे मला." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला आणि माझ्याकडे बघितलं. "एक विचारू? त्या दिवशी तू माझ्या हातातनं हा घेतलास ना, तेव्हा माझ्याकडेच तोंड करून बसली होतीस. इतक्या जवळचं मला दिसायचं नाही. कसं होतं ग तुझं तोंड?"

मी म्हटलं, "रडकुंडीला आले होते मी, ताई. तुझे हाल बघवेनात."

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि बटव्याची घडी करून माझ्या मांडीवर ठेवली.

ताईला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी तात्यांवर चिडले, आईवर चिडले, आत्याबाई मेल्या तेव्हाही माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. मदतीला धावले असं मी लोकांना सांगत आले, वर तसंच लिहीत आले. त्या दिवशी ताईपुढं बसून मी हसत होते. बटवा एकदा ओढून दाखवून झाल्यावर, ही कोण असं आत्याबाईंनी विचारावं म्हणून मी तो उघडला, आणि त्यांच्याकडे बघत परत एकदा ओढला.